खुंटीवरचा एप्रन

"माझ्याकडं आजपर्यंत एकानं बी राजीनामा दिलेला न्हाई," असं आमचे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. औषध कंपनीचा माणूस असो, मशीन दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर असो, नाहीतर लघवीची बाटली हातात धरून ताटकळलेला एखादा पेशंट असो, हे वाक्य ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसे. वाक्य शंभर टक्के खरं होतं. राजीनामा कोणी दिलेला नव्हता, कारण सरांनी तो कोणाकडून घेतलेलाच नव्हता.

लातूरमध्ये दवाखान्यांच्या गल्लीत सरांची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. मी हदगावची. डिप्लोमा झाला आणि थेट तिथं लागले. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं तर समोर एक गोल, बुटके गृहस्थ मे महिन्याच्या दुपारी हाफ स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले. मला वाटलं, पेशंट आहेत, थंडीताप असणार. मी म्हणाले, "काका, डॉक्टर कुठायत?" ते म्हणाले, "डॉक्टर मीच हाय. मशीनला गार लागतंय म्हणून एसी लावला, अन एसीमुळं मला गार लागतंय." बाहेर चहा प्यायला गेले तरी ती कानटोपी डोक्यावर तशीच असायची. उन्हानं सगळी गल्ली भाजून निघालेली आणि टपरीवर कानटोपीतले सर. नवखी माणसं दोनदा वळून बघायची.

रोज सकाळी मशीनमध्ये पहिलं रक्त सरांचं जायचं. मशीन नीट चाललीय का ते बघायला, असं ते म्हणायचे. साखर हमखास वाढलेली यायची. "आज मशीन रुसलीय," असं म्हणून परत लावायला सांगायचे. परत तेवढीच आली की मशीनच्या डोक्यावरून हात फिरवायचे, "काय झालं गं बाई? घरी काही टेन्शन हाय का?" तिसऱ्यांदाही आकडा हलला नाही की मग कबूल व्हायचे आणि चहातली साखर बंद करायचे. बिनसाखरेच्या चहाबरोबर बिस्किटाचा पुडा मात्र अख्खा संपायचा. मी एकदा त्यावरून बोलले. माझ्या जिभेला पहिल्यापासून हाड नाही. तर म्हणाले, "पोरी, तू रक्त बघ. माणसाचं मी बघतो."

पण सुई टोचण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. कितीही घाबरट पेशंट असो, दंडाला रबरी पट्टा बांधून झाला की सर शांतपणे विचारायचे, "तुमच्या गावाची गाडी किती वाजता हो?" पेशंट आठवायला मान वर करायचा, तेवढ्यात नळीत रक्त आलेलं असायचं. आम्हालाही त्यांनी हेच शिकवलं, वर बारकावेही सांगितले. "औशाच्या माणसाला गाडी इचारू नका. त्याला घडीघडीला गाडी हाय, तो आठवतच न्हाई. त्याला सोयाबीनचा भाव इचारा."

डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडं क्लासची पोरं रांगेनं यायची. आईबापांनी डॉक्टर व्हायला लातूरला धाडलेली, खोलीवर एकटी तापानं फणफणणारी पोरं. त्यांच्यासाठी सरांच्या घरून पेजेचा डबा यायचा. प्लेटलेट वाढल्या की सर स्वतः त्या पोराच्या आईला फोन लावायचे, "बाई, तुमचे भावी डॉक्टर ठणठणीत हायेत. अभ्यास मात्र करायलेत का न्हाई, ते रक्तात दिसत न्हाई." पलीकडं ती आई रडायची आणि अलीकडं सर कानटोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे.

चांगला रिपोर्ट निघाला की लोक पेढे घेऊन यायचे. वर्षानुवर्षं वाट पाहून दिवस राहिलेली सून असायची, गाठ साधी निघालेला म्हातारा असायचा. पेढा समोर आला की सर हातातलं काम टाकून उभे राहायचे, दोन्ही हात पुढं करायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "कशाचा?" पेढेवाल्यानं सांगितलं की सर ती बातमी बसलेल्या सगळ्या पेशंटांना पुन्हा मोठ्यानं सांगायचे आणि मग पेढा तोंडात टाकायचे. साखरेचं नाव काढलं की म्हणायचे, "पेढा नाकारणं म्हणजे त्याच्या आनंदाला न्हाई म्हणणं. असल्या पापापेक्षा शुगर बरी."

आता खुंट्यांचं सांगते. मशीनच्या खोलीत एका भिंतीवर लाकडी खुंट्या होत्या. प्रत्येकीवर पांढरा एप्रन आणि वर सरांनी स्वतः रंगानं लिहिलेलं नाव. मी रुजू झाले तेव्हा लॅबमध्ये आम्ही मोजकीच माणसं, पण खुंट्यांनी भिंत भरलेली. मला वाटलं, बाकीचे दुसऱ्या पाळीला येत असतील. काउंटरवर बसणाऱ्या आपांना मी तसं विचारलं. आपा लातूरच्याच, जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातल्या, लॅब निघाली त्या दिवसापासून तिथं होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "वो सब भागे हुए हैं, बेटा. वो पैला वाला जेवायला गेला, अबतक जेवतोच आहे. उसके बाजूवाली भाई के शादी कू गई. कैसी शादी है, खतमच होत नाही."

म्हणजे असं होतं. सरांना सांगून जाता यायचं नाही. सांगायला गेलं की ते विषय बदलायचे, पगार वाढवायचे, रडकुंडीला यायचे, बहिरे व्हायचे. शेवटी कंटाळून माणूस एक दिवस एप्रन खुंटीला अडकवून बाहेर पडायचा तो परत यायचाच नाही. सर त्याचा एप्रन काढू द्यायचे नाहीत आणि नवीन आलेल्यासाठी नवीन खुंटी ठोकायचे. त्यांच्या लेखी सगळे रजेवर होते.

सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं सरांच्या लोखंडी कपाटात असायची. "माझ्याकडं सेफ राहतात," असं त्यांचं म्हणणं. आणि कपाटाची किल्ली असायची रक्ताच्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात, उघड्यावर. पळणारा माणूस दुपारी सर डुलकी घेताना ती गार किल्ली काढायचा, आपले कागद घ्यायचा, किल्ली जागेवर ठेवायचा आणि जायचा. मला पहिल्यांदा हा निव्वळ बावळटपणा वाटला. आपा म्हणाल्या, "बावळट नाही ते. उनकू 'जा' बोलता आता नहीं, तो चावी बाहर रखते."

एकदा अहमदपूरला तपासणीचं शिबिर होतं. परत येताना आम्ही स्टँडवर रसवंतीपाशी थांबलो. समोरून एक माणूस येत होता, हातात मुलीचा हात. त्याची नजर सरांवर गेली आणि तो एकदम वळून एका उभ्या गाडीच्या मागं गेला. मुलगी ओढत होती, "बाबा, रस," तरी तो बाहेर येईना. सर खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. सरांच्या पायात चपला होत्या. गाडी सुटली, तो माणूस त्या गाडीतून गेला की काय कोण जाणे, पण सर उभे राहिले तेव्हा दिसेनासा झाला होता. सर मला म्हणाले, "लई हुशार पोरगा हाय. त्याची खुंटी डावीकडून दुसरी." मला तेव्हा सरांची दया आली आणि रागही आला. त्या मुलीला रस मिळायला हरकत नव्हती.

तिथं चार वर्षं झाली आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून माझी निवड झाली. माझे आजोबा लोकांच्या शेतात सालगडी होते. बाबा एसटीचे ड्रायव्हर. आई बातमी ऐकल्याबरोबर विहारात मेणबत्ती लावून आली आणि मगच तिनं मला फोनवर बोलू दिलं. आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, महिनाभरात हजर व्हा. सोबत मूळ कागदपत्रं, अनुभवाचा दाखला आणि आधीच्या ठिकाणाहून मोकळं केल्याचं पत्र. नाही आलात तर यादीतल्या पुढच्याला बोलावू.

कागदपत्रं फ्रीजमधल्या किल्लीनं मिळाली असती. सरांची सही मात्र फ्रीजमध्ये नव्हती.

नेमणुकीच्या वेळी सरांनीच दिलेल्या कागदात 'एक महिन्याची नोटीस' असं होतं. ते वाक्य त्यांनी कुठल्या तरी दुसऱ्या लॅबच्या कागदावरून उतरवलं असावं, ते कधी कोणी वापरेल असं त्यांच्या स्वप्नातही नसणार. मी त्याच दिवशी नोटीस लिहिली, तारीख टाकली, आणि सरांसमोर उभी राहिले.

"काय हाय त्यात?"

"राजीनामा, सर. महिन्याची नोटीस. नांदेडला सरकारी नोकरी लागलीय."

सरांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "माझे हात ओले हायेत."

हात कोरडे ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तर सरांनी रबरी हातमोजे चढवलेले. "हातमोज्यानं कागद धरत न्हाईत. रक्त लागतंय." त्या दिवसापासून सरांनी हातमोजे काढलेच नाहीत. हातमोज्यानं चहा पिऊ लागले, हातमोज्यानं फोन उचलू लागले. टपरीवर कानटोपी आणि हातमोजे अशा थाटात त्यांना बघून एका पेशंटनं मला हळूच विचारलं, "डॉक्टरला संसर्ग झालाय का हो?" मी म्हणाले, "हो. माझ्या राजीनाम्याचा."

मी तोच मजकूर ईमेलनं पाठवला. सरांची ईमेल आपाच उघडायच्या. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. सर म्हणाले, "असली लई येतात. लॉटरी लागली म्हणून बी येतात." मग मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोच पावतीसकट. पोस्टमन आला तेव्हा सर काउंटरवरच होते. ते त्याला म्हणाले, "साहेब उदगीरला गेलेत." पोस्टमन रोज त्यांच्याकडं चहा प्यायचा. त्यानं सरांकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, आणि पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहून, चहा न पिताच गेला. माझा मावसभाऊ नांदेडला वकिलाच्या हाताखाली आहे. त्यानं फोनवर धीर दिला, "नाकारलं तर नाकारू दे, पोचलं असंच धरतेत. तारीख पक्की झाली. तू फक्त महिनाभर रोज कामावर जा, एक दिवस बी बुडवू नको. त्यांना बोलायला जागा ठेवू नको."

मी गेले. नोटिशीच्या त्या महिन्यात मी जितकं मन लावून काम केलं तितकं आधी कधी केलं नसेल. मला तिथलं सगळं अचानक आवडायला लागलं होतं, ही एक भलतीच अडचण. सरही गप्प बसले नव्हते. मला नवी गादीची खुर्ची आली. उदगीरला शाखा काढणार आणि तिची मुख्य मीच, असं त्यांनी जाहीर केलं. शाखेला जागा बघितलेली नव्हती, पण पाटीचा रंग ठरला होता. एक दिवस तर त्यांनी एक स्थळ आणलं. मुलगा लातूरचाच, डाळमिलमध्ये नोकरीला. "पगार चांगला हाय, घर इथून चालत हाय," असं स्थळाचं वर्णन केलं. मी म्हणाले, "सर, मुलगा कसा आहे ते सांगा ना." तर म्हणाले, "बघितला न्हाई. घर बघितलंय. लॅबच्या मागंच हाय."

हसायला यायचं, पण दिवस संपत चालले होते. पुढच्या महिन्याच्या कामाच्या पाळ्या सरांनी फळ्यावर लिहिल्या, त्यात माझं नाव पहिलं. मी बोलायला गेले की ते मशीनशी बोलायला लागायचे. संध्याकाळी खोलीवर आले की मी तो आदेश पुन्हा पुन्हा वाचायची. सहीशिवाय नांदेडला कोण उभं करणार होतं? एका दुपारी सर डुलकीत होते, तेव्हा आपांनी फ्रीजचं दार माझ्यासमोर उघडलं. किल्ली होती तिथंच. "ले बेटा. दाखल्याचं बाद में बघू. वहाँ जाके रो, कोई तो ऐकेल."

मी किल्ली हातात घेतली. बर्फासारखी गार होती. खरं सांगते, मी घेणारच होते कागद. पण त्याच वेळी बाबांचा फोन आला. मी त्यांना सगळं सांगितलं, चिडून, रडून. बाबा म्हणाले, "माझी ड्युटी संपली तरी मी गाडी रस्त्यात सोडून उतरत न्हाई. डेपोत लावतो, चावी कंट्रोलरच्या हातात देतो. तू बी चावी ठेव जागेवर. मी येतो उद्या."

मी किल्ली ठेवली. आपांनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या गाडीनं आले. खाकी कपड्यातच होते, कारण चांगला शर्ट आईनं धुवायला टाकलेला. हातात पेढ्यांचा पुडा. लॅबमध्ये पेशंट दाटीवाटीनं बसलेले. सर हातमोजे घालून काउंटरपाशी उभे. बाबांनी पुड्याची दोरी सोडली, एक पेढा उचलला आणि सरांपुढं धरला. "डॉक्टरसाहेब, पेढा घ्या."

मी बघत होते. सरांनी बाबांना ओळखलं नव्हतं. त्यांनी सवयीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे हातमोजे काढले. पेढा कोणी हातमोज्यानं घेत नाही. दोन्ही हात पुढं केले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कशाचा?"

"लेकीला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, नांदेडला. आमच्या घरातली पहिलीच. तुम्ही शिकवलं, म्हणून लागली."

बाकांवरची माणसं सरांकडं बघत होती. नेहमीप्रमाणं सर आता बातमी मोठ्यानं सांगणार, म्हणून एक म्हातारी हात जोडायच्या तयारीत होती. सरांची नजर बाबांवरून माझ्यावर आली. त्यांच्या उघड्या तळव्यावर पेढा होता आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. ते पेढा तसाच घेऊन आतल्या खोलीत गेले. मी बाबांना बसायला सांगितलं आणि मागोमाग गेले.

पेढा टेबलावर ठेवून सर त्याच्यासमोर बसले होते. "हा घेऊन जा. माझी शुगर वाढलीय."

"पेढा परत नेत नसतात. तुम्हीच सांगता."

"पोरी, माझ्याकडं आजपर्यंत एकानं बी राजीनामा दिलेला..."

"दिला नाही सर, कारण तुम्ही घेतला नाही!" माझा आवाज चढला. "म्हणून सगळे पळाले. अहमदपूरला तो माणूस तुम्हाला बघून गाडीमागं लपला. लेकरू रस मागत होतं तरी बाहेर आला नाही. तुम्ही त्याला इतकं शिकवलं, त्यानं पाया पडायला यायला पाहिजे होतं. मला नाही तसं लपायचं. मला समोरच्या दारानं जायचंय. आणि लातूरला आले की इथं येऊन चहा प्यायचाय. पळून गेले तर मला येता येईल का? सांगा ना!"

सर पेढ्याकडं बघत होते. तसेच बघत म्हणाले, "नाडी न्हवती माझ्या पायात त्या दिवशी."

"माहितीय सर."

"त्याला बी दिसली आसंल की चप्पल."

सरांनी कानटोपी काढली. चार वर्षांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. टक्कल होतं आणि त्यावर टोपीचा वळ उमटलेला. त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा तोडून तोंडात टाकला, उरलेला मला दिला, आणि बाहेर जाऊन बाकांसमोर उभे राहिले. आवाज निघाला तो गल्लीभर. "आमची पोरगी सरकारी नोकरीत लागली! नांदेडला! हे तिचे वडील, एसटीत ड्रायव्हर हायेत!" म्हातारीनं हात जोडले. बाबा उभे राहिले, त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी सगळ्या पेशंटांना पेढे वाटले. त्यातल्या निम्म्यांची उपाशीपोटी साखर तपासायची होती. त्यांना आपांनी दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

किल्ली सरांनी स्वतः फ्रीजमधून काढली. माझे कागद दिले. दाखला ते बोलत गेले आणि आपा टाइप करत गेल्या. शेवटचं वाक्य होतं, 'सदर उमेदवार बोलायला फटकळ आहे, परंतु हात हलका आहे.' मी म्हणाले, सर, असं दाखल्यात लिहीत नाहीत. ते म्हणाले, "खरं हाय ते लिहायचं. ही लॅब हाय." मोकळं केल्याच्या पत्रावरही त्यांनी सही केली, गोल, मोठी. मग मी माझी मूळ नोटीस पुढं केली, पोच घ्यावी म्हणून. सरांनी झटकन हात मागं घेतले.

"ह्या कागदाला मी हात लावणार न्हाई. तुला पाहिजे ते मिळालं. हे राहू दे."

मीही मग ताणलं नाही. शेवटच्या दिवशी एप्रन धुवून सोबत न्यावा म्हणून घडी घालत होते, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि परत खुंटीला अडकवला. "खुंटी तुझी हाय." मी वाकून नमस्कार केला. "जाते सर." "जाते न्हाई म्हणत. येते म्हण." "येते, सर." आणि मी समोरच्या दारानं बाहेर पडले. आपा काउंटर सोडून रस्त्यापर्यंत आल्या, त्यांचा पदर ओला झाला होता.

नांदेडला दाखला तपासणाऱ्या बाबूनं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि बाही वर करून म्हणाला, "माझी शुगर बघायची राहिलीय. बघू तुमचा हात." हलका निघाला म्हणायचा.

सरांचे फोन मात्र चालूच राहिले. "डेंग्यू लई हाय, उद्या जरा लवकर ये." मी म्हणायची, "सर, मी नांदेडला आहे." "हाव हाव, रजेवर हायेस, मला म्हाईत हाय. रजा संपली की ये." लातूरला गेले की मी चहाला जायचीच. भिंतीवर माझ्या नावाखाली एप्रन लटकत असायचा, धूळ बसलेला. त्या धुळीकडं बघून मला हसू यायचं आणि मनात कुठंतरी टोचायचंही. माझ्या सगळ्या कागदांवर सरांची सही होती, फक्त त्या एका कागदावर नव्हती. माणसाला एवढं का लागावं, सांगता येत नाही. पण लागत होतं. मग वर्षभर लातूरला जाणंच झालं नाही.

परवाच्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटी पदावर एक नवीन मुलगी रुजू झाली. कंधारची, बारीक चणीची, धीट. आधीचं काम कुठं, विचारलं तर म्हणाली, लातूरला, आणि सरांचं नाव घेतलं. मी खुर्चीतून उठलेच. "पळून आलीस?"

"न्हाई मॅडम! पळून कशाला येऊ? नोटीस दिली, महिना भरला. सरांनी हातात घेऊन सही केली. तिथं आता तसंच हाय. जाणाऱ्यानं पेढे आणायचे, सर सगळ्यांना सांगतात कोण कुठं चाललंय ते. मागल्या महिन्यात अहमदपूरचे एक जुने सर बी येऊन गेले, लेकीला घेऊन. त्यांच्यासाठी रस मागवला सरांनी." मग तिनं पिशवीतून एक कागदात बांधलेला गठ्ठा काढला. "हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

माझा एप्रन होता. धुतलेला, कडक इस्त्री केलेला.

मी तिथूनच फोन लावला. मागं रक्ताच्या नळ्या गरगरवणाऱ्या सेंट्रीफ्यूज मशीनचा आवाज येत होता.

"सर, एप्रन मिळाला."

"खुंटी लागत होती," सर म्हणाले. "नवी पोरगी आलीय. भिंतीवर जागा न्हाई उरली."

मी एप्रनची घडी उलगडली. पलीकडं सर घसा खाकरत राहिले. "तुझा तो कागद हाय का अजून? असला तर घेऊन ये चहाला आलीस की. पोच देतो. हातमोजे काढलेत."

"आणते, सर."

"अन जास्त येळ फोनवर बोलू नको. पेशंट खोळंबले असतील."

खरंच खोळंबले होते. मी एप्रन अंगात घातला. खांद्यात जरा घट्ट होत होता, इस्त्रीचा वास येत होता. समोर हिमायतनगरकडचा एक आजोबा दंड पुढं करून डोळे घट्ट मिटून बसला होता. मी पट्टा बांधला, शीर चाचपली.

"आजोबा, तुमच्या गावाची गाडी किती वाजता हो?"

त्यानं डोळे उघडले आणि आठवायला मान वर केली.